कार्डावर घेतलेला माल फसवा निघाला, तर पैसे परत कसे मिळवाल?

बैल बाजारात उभा असतो तेव्हा आपण त्याचे दात मोजतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. पण हल्ली घरोघरी फोनवर माल मागवला जातो. तिथे ना दात दिसतात ना खांदा. दिसते ते नुसते चित्र. चित्रातला बैल कधी मारका नसतो आणि कधी लंगडतही नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. सुगी झाली की कडब्याची गंज लागते आणि घरधनीण रोज सांजसकाळ कोयत्याने वैरण तोडते. गेल्या साली तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितले, हे तोडकाम बंद करा. थोरला मुलगा शहरात नोकरीला आहे. तो पाडव्याला आला होता. तो म्हणाला, "आबा, आईला अजून किती दिवस कोयता हातात धरायला लावणार? कडबाकुट्टी घेऊ. माझ्या कार्डावर घेतो, तुम्ही दूध संघाचा पगार झाला की मला द्या."

फोनवर एका दुकानात दोन अश्वशक्तीच्या मोटारीची, तांब्याच्या वायंडिंगची कुट्टी दिसली. किंमत १८,४०० रुपये, पाडव्याची सवलत धरून. मुलाने क्रेडिट कार्डावर पैसे भरले. नवव्या दिवशी टेम्पोने यंत्र दारात आणून टाकले. घरधनिणीने हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. बटण दाबले, चार पेंढ्या गेल्या, पाचव्या पेंढीला मोटार तापून वास सुटला आणि यंत्र बंद पडले.

गावातल्या मोटार भरणाऱ्या मेस्त्रीला बोलावले. त्याने वाकून मोटारीवरची पट्टी वाचली आणि म्हणाला, "आबा, ही एकच अश्वशक्तीची हाये. दोनची पाती हिच्यानं कशी फिरंल? मी उघडत न्हाई. उघडली की ते म्हणतील तुम्हीच बिघडवली. आधी फोटो काढा." या एका शहाणपणाने पुढे आमचे पैसे वाचले, हे मी आजही त्याला सांगतो.

दुकानाला फोन केला. "उद्या माणूस पाठवतो." उद्याचा परवा झाला, परव्याचा आठवडा झाला. वीस दिवसांनी उत्तर आले, "यंत्र तुम्ही वापरले आहे. वापरलेला माल परत घेत नाही." घरधनिणीने काही न बोलता खुंटीवरचा कोयता काढला. ते पाहून माझ्या पोटात कालवले. अठरा हजार म्हणजे आमच्या गोठ्याचा किती दिवसांचा घाम, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, पैसे अजून बुडाले नाहीत. कार्डावर घेतलंय. बँकेकडे तक्रार करता येते." तेव्हापासून अडीच महिने मी या गोष्टीच्या मागे होतो. त्यात जे शिकलो, ते तुमच्यापुढे मांडतो. तुमच्या घरीही मुलाकडे, सुनेकडे, जावयाकडे असे कार्ड असेल. आज ना उद्या उपयोगी पडेल.

आधी कार्ड ओळखा

पाकिटात तीन प्रकारची कार्डे असू शकतात. दिसायला सारखी, पण गुण निराळे.

पहिले डेबिट कार्ड. ते तुमच्या खात्याला बांधलेले असते. कार्ड लावले की तुमचे पैसे त्याच घटकेला खात्यातून जातात.

दुसरे क्रेडिट कार्ड. यात आधी पैसे बँक भरते आणि तुम्हाला महिन्याचे बिल पाठवते. ठरल्या तारखेच्या आत पुरे बिल भरले, तर खरेदीवर व्याज नाही. तारीख चुकली, तर मात्र व्याज लागते, आणि ते बऱ्याच बँकांत महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. वर्षाचा हिशेब केला तर चाळीस टक्क्यांच्या वर जाते. सावकाराचे पुस्तक आठवा आणि तारीख पाळा.

तिसरे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली सुरू झाली. नावात क्रेडिट कार्ड असले तरी हे मुळात पीककर्जाचे खाते आहे, आणि सोबत मिळणारे रुपे कार्ड त्या खात्यातून पैसे काढायला वापरायचे असते. तेव्हा या लेखात क्रेडिट कार्ड म्हटले आहे ते दुसऱ्या प्रकारचे, हे ध्यानात ठेवा.

रोख दिलेल्या पैशाला पाय फुटले की तो दुकानदाराच्या गल्ल्यात गेला. मग त्याच्या मर्जीवर. क्रेडिट कार्डावर मात्र तुमच्या आणि दुकानदाराच्या मध्ये बँक उभी असते. भांडण लागले, तर मधल्या माणसाला विचारता येते. हाच या कार्डाचा मोठा गुण, आणि तोच बहुतेकांना ठाऊक नसतो.

पैसे उलट कसे फिरतात?

याला चार्जबॅक म्हणतात. म्हणजे दुकानदाराकडे गेलेली रक्कम आल्या वाटेने मागे फिरवणे. ती वाट अशी : तुम्हाला कार्ड देणारी तुमची बँक, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचे जाळे, मग दुकानदाराची बँक आणि शेवटी दुकानदार. जाताना पैसे या पाटाने जातात. तक्रार खरी ठरली, तर याच पाटाने उलटे येतात. जाळ्यात सामील होताना दुकानदाराच्या बँकेने हे नियम कबूल केलेले असतात, म्हणून दुकानदाराला "आम्ही परत देत नाही" एवढे बोलून सुटता येत नाही. त्याला पुरावा द्यावा लागतो.

परदेशात याला सरळ कायद्याचा आधार आहे. इंग्लंडात १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे शंभर पौंडांवरच्या आणि तीस हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीत माल खोटा निघाला, तर दुकानदाराइतकीच जबाबदारी क्रेडिट कार्ड देणाऱ्यावरही येते. अमेरिकेतही १९७४ साली कायदा झाला. तिथे बिलातली चूक बिल आल्यापासून साठ दिवसांत लेखी कळवली, तर कार्ड कंपनीला चौकशी करावीच लागते. आपल्याकडे असा खास कायदा नाही. आपला आधार म्हणजे कार्डांच्या जाळ्यांचे नियम, रिझर्व्ह बँकेचे दंडक आणि ग्राहक संरक्षण कायदा. तीन दोऱ्या आहेत. तिन्ही पिळल्या की दावे मजबूत होते.

डेबिट कार्डावरही चार्जबॅकची तक्रार करता येते. फरक इतकाच, की तिथे निकाल लागेपर्यंत तुमचेच पैसे अडकून पडतात. फोनवरून थेट खात्यातून पाठवलेले किंवा माल दारात आल्यावर रोख दिलेले पैसे या वाटेने मागे आणणे कठीण असते.

कुठली तक्रार चालते?

बँक तक्रारीचे कारण विचारते. पुढच्या कारणांना नियमांत जागा आहे :

माल आलाच नाही, किंवा ठरलेल्या तारखेला आला नाही आणि दुकानदार दाद देत नाही.

आलेला माल सांगितल्यासारखा नाही, मोडका आहे किंवा बनावट आहे. आमची कुट्टी याच सदरातली.

माल परत केला, दुकानदाराने पैसे देतो म्हणून लिहून दिले, पण पंधरा दिवस उलटले तरी कार्डावर जमा नाहीत.

एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले, किंवा बाराशेऐवजी एकवीसशे लागले.

वर्गणी बंद केल्यावरही दर महिन्याला पैसे कापले जातात.

आणि, तुम्ही केलेलीच नाही अशी खरेदी बिलात दिसते.

आता काय चालत नाही, तेही ऐका. रंग आवडला नाही, शेजाऱ्याला स्वस्तात मिळाला, किंवा आपणच चुकीचे माप मागवले, तर ही तक्रार टिकत नाही. मालाची परतीची सोय दुकानाने दिली असेल, तर ती तेवढी वापरावी. घेतलेला चांगला माल ठेवून घेऊन "मिळालाच नाही" असे लिहिणे तर सरळ लबाडी आहे. ती उघडी पडते, बँक कार्ड बंद करते, आणि खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते.

आणखी एक गैरसमज. लोक म्हणतात, "फोनवर आलेला ओटीपी आपणच टाकला, आता काय बोलणार?" ओटीपी टाकला म्हणजे खरेदी तुम्ही केली एवढेच सिद्ध होते. माल बरोबर आला, हे त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा "ही खरेदी मी केली नाही" असे खोटे लिहू नका. "खरेदी मी केली, पण माल सांगितल्यासारखा नाही" असे खरे लिहा. कारण चुकले की चांगला दावाही पडतो.

काय करावे, क्रमाने

एक. खोके उघडतानाच फोटो काढा. घरात शाळेत जाणारे पोर असेल, तर त्याच्या हाती फोन द्या आणि खोके फोडण्यापासून शेवटपर्यंत चित्रफीत करून घ्या. खोक्यावरची चिठ्ठी, मोटारीवरची पट्टी, नंबर, मोडलेला भाग, सारे स्पष्ट दिसू द्या. दुकानाच्या पानावरचे मालाचे वर्णनही त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. आमच्या दुकानाने महिन्याभरात ते वर्णन बदलले. मुलाने आधीच फोटो ठेवला होता म्हणून निभावले.

दोन. माल वापरू नका, उघडू नका, टाकूनही देऊ नका. पुढे तो परत मागितला जाऊ शकतो. परत पाठवलात, तर पावती जिवापाड जपा.

तीन. आधी दुकानदाराला लेखी कळवा. फोनवर कितीही बोललात तरी ते वाऱ्यावर जाते. संदेश किंवा ई-मेल पाठवा. त्यात मागणी नेमकी असू द्या : "माल परत न्या आणि पूर्ण पैसे कार्डावर जमा करा." २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा दुकानांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असेही त्याच नियमांत आहे. हे वाक्य पत्रात घाला. त्याने पुष्कळ फरक पडतो.

चार. बँकेला कळवण्यात उशीर करू नका. आमची चूक इथेच झाली. "उद्या, उद्या" ऐकत आम्ही वीस दिवस घालवले. व्हिसा आणि मास्टरकार्डाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवसांची मर्यादा असते. पण त्या मुदतीत बँकेला कागद तपासून पुढे पाठवायचे असतात, म्हणून बँका ग्राहकाकडून बऱ्याच लवकर अर्ज मागतात. दुकानदाराला आठ-दहा दिवस द्या. हालचाल दिसली नाही, की बँकेकडे जा.

पाच. अर्ज कार्डधारकानेच करायचा. माल माझ्या नावाने माझ्या दारात आला, तरी कार्ड मुलाचे, म्हणून सही त्याची. बँकेच्या फोन क्रमांकावर, ॲपवर किंवा ई-मेलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच वापरा. इंटरनेटवर शोधून सापडलेला नको. का, ते पुढे सांगतो.

सहा. तक्रार चालू असतानाही बिलाची तारीख पाळा. "वाद आहे, मग मी भरतच नाही" असे म्हणून बसलात, तर व्याज आणि दंड चढेल आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडेल. काही बँका वादातली रक्कम तात्पुरती जमा देतात, काही देत नाहीत. बँकेला विचारून तसे लेखी घ्या. तसे लेखी मिळाले नाही, तर पूर्ण बिल भरून टाकलेले बरे. आमच्या मुलाने पूर्ण बिल भरले. निकाल लागला की रक्कम कार्डावर जमा होतेच. हप्त्यावर घेतले असेल, तर एका हप्त्याची नव्हे, पूर्ण किमतीची तक्रार करा.

सात. एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोणाशी बोललो, काय ठरले, ते दोन ओळींत टिपा. दूध घालण्याची वही ठेवता, तशीच ही. आमची वही शेवटी चार पानांची झाली आणि तिनेच साक्ष दिली.

अर्जाचा नमुना

मराठीत लिहा. जमल्यास कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीकडून इंग्रजी प्रतही करून घ्या, कारण कार्डाचा विभाग बहुधा दूरच्या शहरात असतो.

"मा. व्यवस्थापक, क्रेडिट कार्ड विभाग यांस,

माझ्या कार्डावर (शेवटचे चार अंक ....) दिनांक .... रोजी .... या दुकानाकडून रुपये .... ची खरेदी झाली. मागवलेला माल : .... . प्रत्यक्ष आलेला माल : .... . दोन्हींतील फरक सोबतच्या फोटोंत स्पष्ट दिसतो. मी विक्रेत्याला दिनांक .... आणि .... रोजी लेखी कळवून माल परत नेण्यास सांगितले. त्याने नकार दिला आहे / उत्तर दिलेले नाही. माल माझ्याकडे जसाच्या तसा असून परत देण्यास मी तयार आहे. तरी या व्यवहाराबाबत चार्जबॅकची कारवाई करून पूर्ण रक्कम माझ्या कार्डावर जमा करावी. सोबत : बिल, मालाचे वर्णन, फोटो, पत्रव्यवहार, जाणकाराचा लेखी अभिप्राय. आपला, ...."

पूर्ण कार्ड क्रमांक, मागचे तीन अंक किंवा पिन अर्जात लिहू नका. बँकेला त्याची गरज नसते.

दुकानदार उलटला तर?

उलटतोच. त्यालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे. आमच्या दुकानाने टेम्पोवाल्याच्या कागदावरची माझी सही पुढे केली आणि लिहिले, "माल पोचला, ग्राहकाने सही केली." बँकेने ते मुलाकडे पाठवून खुलासा मागितला. अशा वेळी पुष्कळ लोक गळाठतात आणि गप्प बसतात. गप्प बसले की दावा संपला. दिलेल्या मुदतीत उत्तर गेलेच पाहिजे.

आम्ही उत्तर दिले : "माल पोचला नाही असे आमचे म्हणणेच नाही. पोचला तो वेगळा आहे. मागवली दोन अश्वशक्तीची मोटार, आली एकची. पट्टीचा फोटो पाहावा." सोबत मेस्त्रीने आपल्या पावतीवर लिहून दिलेल्या दोन ओळी जोडल्या. त्यानंतर दुकान काही बोलले नाही. आषाढी एकादशीच्या आदल्या आठवड्यात मुलाचा फोन आला, "आबा, अठरा हजार चारशे जमा झाले."

सगळे परत आले असे नाही. टेम्पोवाल्याला उतरवण्याचे दिलेले पैसे गेले, मेस्त्रीचा अर्धा दिवस गेला, आणि घरधनिणीच्या खांद्याने आणखी अडीच महिने सोसले. ते कुठल्या कार्डावर जमा व्हायचे? पुढे कुट्टी आम्ही तालुक्याच्या बाजारात, समोर चालवून घेतली. तीही कार्डावरच.

बँकच ऐकेना, तर?

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेला दंडक असा, की ग्राहकाने बिलाला हरकत घेतली तर बँकेने तक्रारीपासून जास्तीत जास्त तीस दिवसांत खुलासा द्यावा आणि लागेल तिथे कागद दाखवावेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. टपालाने करायची तर चंदिगढच्या केंद्रीय तक्रार स्वीकृती केंद्राकडे पाठवावी. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असलीच पाहिजे. थेट लोकपालाचे दार ठोठावले, तर तक्रार परत येते.

दुकानदाराविरुद्ध सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. तिथे मराठीतही बोलता येते. पुष्कळ दुकाने एवढ्यावरच नरमतात.

त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला आणि त्याने शेतकऱ्याची मोठी सोय केली. दुकान दिल्लीत असो की सुरतेत, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी.

बियाण्याचे प्रकरण थोडे निराळे. बी खोटे निघाले हे कधी उगवणीला, कधी फुलोऱ्याला कळते, आणि तोवर कार्डाची मुदत संपलेली असू शकते. तेव्हा पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी पेरणीनंतरही जपून ठेवा. शंका येताच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, म्हणजे तालुक्याची तक्रार निवारण समिती उभ्या पिकाचा पंचनामा करते. पीक मोडून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार? बियाण्यासाठी शेतकरी हा ग्राहकच आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला आहे.

परताव्याच्या नावाने येणारे भामटे

आता सर्वांत महत्त्वाचे. पैसे परत मिळवण्याच्या नादात असलेले पैसे घालवणारे बरेच आहेत. माणूस चिडलेला असतो, घाईत असतो. तो इंटरनेटवर दुकानाचा नंबर शोधतो. तिथे भामट्यांनी आपलाच नंबर टाकून ठेवलेला असतो. गोड आवाजात सांगतात, "साहेब, परतावा मंजूर झाला. एक ॲप उतरवून घ्या, आलेला ओटीपी सांगा, पिन टाका." टाकला की खाते रिकामे.

घरातल्या सर्वांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, हे तोंडपाठ करून द्या : पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे परत घेण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, चौकोनी चित्र फोनने टिपावे लागत नाही आणि दुसऱ्याला आपला फोन दिसेल असे ॲप घ्यावे लागत नाही.

तरीही फसगत झाली, किंवा न केलेली खरेदी बिलात दिसली, तर त्याच घटकेला बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला, की चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तोशीस तुम्हाला नाही. उशीर केला तर काही भार तुमच्यावर येतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच. म्हणून बँकेचे संदेश वाचत चला. बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायला नको.

शेवटी एवढेच

माझा कोणाला कार्ड घ्या असा आग्रह नाही. हिशेब सांभाळता येत नसेल, तर कार्ड म्हणजे दारात बांधलेला दुसरा सावकार. पण घरात ते असेलच, तर त्याचा हा गुण ठाऊक असू द्या. दूरच्या दुकानातून मोठी वस्तू मागवायची असेल, तर आगाऊ रोख पाठवण्यापेक्षा कार्डावर घेतलेली बरी.

आणि फसलात तर लाजू नका. आपल्याकडे माणूस फसला की गावात सांगत नाही. लोक हसतील म्हणून तोंड मिटून बसतो. मीही वीस दिवस कोणाला बोललो नव्हतो. लाज फसवणाऱ्याला वाटायची. आपण बिल काढावे, फोटो काढावे, वही उघडावी आणि अर्ज लिहावा. बांध कोणी कोरला तर आपण मोजणी मागवतोच ना? कष्टाचा पैसा हाही आपला बांधच आहे.

आज जेवणे झाल्यावर एवढे करा. घरात ज्याच्याकडे कार्ड असेल, त्याच्याकडून कार्डामागचा बँकेचा क्रमांक घेऊन दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहा. त्याखाली १९१५ आणि १९३० हे आकडे लिहा. गरज पडू नये. पडलीच, तर शोधाशोध करण्यात दिवस जायला नकोत.